नदी उभी की आडवी?

लांबलचक नदी छोट्याशा होडीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळायची, या छंदाला हल्ली बरे दिवस आहेत. कुणी कयाकमध्ये पाय पसरून बसतो, कुणी कॅनूत गुडघे टेकतो, आणि ज्याला बसण्याचाही कंटाळा तो पॅडलबोर्डवर उभ्याउभ्याच वल्हं मारतो. मोहिमेची सुरुवात नकाशावर होते. निळ्या रेषेच्या वरच्या टोकाला बोट ठेवायचं आणि खाली खाली सरकवत न्यायचं. बोट कुठे अडत नाही, उलटत नाही, त्याला भूक लागत नाही. तेव्हा होडीचंही तसंच होणार, हा निष्कर्ष पहिल्याच रात्री निघतो. या मंडळींच्या दंडातल्या बळाबद्दल पूर्ण आदर राखून एक शंका मांडायची आहे. नदी उभी धुंडाळणाऱ्यापेक्षा ती आडवी ओलांडणाऱ्याला जास्त कळते. उभा प्रवासी बातमीत येतो, आडवा येत नाही, कारण आडव्याचा प्रवास सुरू होताहोताच संपतो आणि पैलतीरावर हार घेऊन कुणी थांबलेलं नसतं. थांबलेले असतात ते अलीकडे यायला खोळंबलेले लोक, आणि ते उशीर का केला म्हणून ओरडत असतात. या म्हणण्याला पुरावा हवा असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या मुलखाइतका भरघोस पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

मुलचेऱ्याजवळून दिना नदी वाहते आणि प्राणहितेला मिळते. तालुक्याच्या पश्चिमेला, चपराळा अभयारण्याच्या कडेला, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात. तिथून पुढे दोघीही आपापलं नाव सोडतात आणि प्राणहिता सुरू होते. तिची लांबी अवघी ११३ किलोमीटर, पण पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा असं बहुतेक विदर्भाचं पाणी गोळा करून ती सिरोंच्याजवळ गोदावरीच्या हवाली करते. हौशी माणसाला ११३ किलोमीटर किरकोळ वाटतात, म्हणून तो वैनगंगेचा उगम गाठणार, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातलं मुंडारा गाव. तिथून वैनगंगेचे साधारण ५८० आणि प्राणहितेचे ११३, मिळून सातशेच्या घरातला जलप्रवास. आता वाटेतली स्थानकं मोजू. भीमगडला संजय सरोवराचं धरण, बालाघाट जिल्ह्यात धुटीचा बंधारा, भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द, चामोर्शीकडे चिचडोह बॅरेज, आणि गोदावरीत शिरून जरा पुढे गेलं की मेडिगड्डा. दर ठिकाणी होडीतून उतरायचं, होडी डोक्यावर घ्यायची, भिंतीला वळसा घालायचा आणि खाली पुन्हा पाण्यात बसायचं. होडीने माणसाला न्यायचं असा मूळ करार होता. इथे तो वरचेवर उलटा होतो. शिवाय मार्कंड्याच्या तीर्थक्षेत्री वैनगंगा उत्तरवाहिनी होते. क्षेत्राच्या दृष्टीने हे महापुण्याचं, पण दक्षिणेकडे निघालेला वल्हेकरी तेवढा वेळ इमानेइतबारे दिल्लीच्या दिशेने वल्हं मारत असतो.

याच नद्यांवर दुसरं एक वाहन पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे, ते म्हणजे डोंगा. एकाच झाडाचं खोड कोरून केलेला, बसायला बाक नाही, टेकायला पाठ नाही, रंग झाडाचाच. पाणी खोल असेल तर वल्हं, उथळ असेल तर बांबू. या डोंग्यातून बाजाराला जाणारे जातात, शाळेत जाणारे जातात, रुग्ण जातात, मतदानाची यंत्रं जातात, आणि दोन डोंगे एकमेकांना बांधले की दुचाकीसुद्धा जाते. तिच्यावरचा स्वार मात्र दुचाकी घट्ट धरून उभा असतो, म्हणजे कोण कुणाच्या आधाराने चाललं आहे ते सांगता येत नाही. जगभरचे हौशी लोक जी कॅनू हजारो रुपये मोजून घेतात, तिचा हा सख्खा भाऊ. फरक इतकाच की डोंगा सहसा उभा जात नाही. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम, वैनगंगा, प्राणहिता, सगळीकडे त्याचं काम एकच: या काठावरून त्या काठावर, आणि परत. ज्या माणसाकडे होडी आहे, दंडात बळ आहे, नदी दाराशी आहे आणि पाण्याची भीती नाही, तो समुद्राकडे का निघत नाही? त्याला कुतूहल नाही, असं शहरी माणूस चटकन ठरवून टाकतो. खरं कारण इतकंच, की समुद्राकडे त्याचं काही काम नाही आणि पलीकडच्या गावात आहे.

नदी उभी करण्याचा सरकारी प्रयत्न मात्र इथे झाला होता, आणि तो भारी थाटात झाला होता. गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणाऱ्या आर्थर कॉटन यांची श्रद्धा अशी की हिंदुस्थानला आगगाडीपेक्षा जलमार्गाची गरज जास्त आहे. गोदावरी, तिथून प्राणहिता, तिथून वर्धा, असा पाण्याचा रस्ता झाला तर हिंगणघाट-वऱ्हाडचा कापूस होडीत बसून थेट काकीनाड्याच्या बंदरात उतरेल, आणि तिथून मँचेस्टरला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, आणि या कल्पनेला एकदम अंकुर फुटले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, यांनी या जलमार्गाचा जोरदार पुरस्कार केला आणि त्याच्यावर अहवाल लिहिला. काम कॅप्टन हेग या इंजिनिअरकडे होतं. नदीत तीन मोठे खडकाळ अडथळे होते: पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर, आपल्या अहेरीजवळच्या देवलमरीला. बंधारे, कालवे, झडपा, लाखो पौंडांचा खर्च. तोवर १८६७ मध्ये आगगाडी शिट्टी वाजवत नागपुरात शिरली, कापूस डब्यात बसून मुंबईकडे गेला, आणि १८७१ मध्ये गोदावरीच्या नौकानयनाचं काम गुंडाळण्यात आलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १८७४ मध्ये, सिरोंचा मुख्यालय असलेला अप्पर गोदावरी हा जिल्हाच मोडून टाकण्यात आला. नदी उभी झाली नाही म्हणून जिल्हा आडवा झाला. खडक मात्र होते तिथेच राहिले, आणि त्या सबंध काळात डोंगे देवलमरीच्या आसपास ये-जा करत होते. डोंगेवाल्यांनी सल्ला दिला असता तर खजिन्याचे पैसे वाचले असते. पण सल्ला देणारा सल्लागार समितीवर असावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही एका नदीची अडचण आहे. जगात लोक नद्या उभ्या करतातच. करतात, पण कोणत्या ते पाहिलं पाहिजे. जेरोम के. जेरोम यांनी १८८९ मध्ये तीन माणसं आणि एक कुत्रा थेम्सवर पाठवले आणि त्यांची फजिती साऱ्या जगाला हसवून गेली. ती फजिती मुख्यतः तंबू, डबाबंद अननस आणि पाहुणचार यांची आहे, नदीची फारशी नाही. कारण थेम्सला जागोजाग लॉक बांधून, पाणी मापून, काठावर खाणावळी मांडून तिला केव्हाच वळण लावलं होतं. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग होतं ते ऐन उन्हाळ्यातही होतं, याचं पर्यटकांना अप्रूप वाटतं. ते पाणी सह्याद्रीवरच्या धरणातून वीज करून खाली सोडलेलं असतं. ते सुटलं की नदीला पूर येतो, थांबलं की राफ्ट कोरडी पडते. त्यामुळे तिथलं साहस सकाळच्या वेळापत्रकात बसवावं लागतं. आणि ज्या नदीला कुणी असं वळण लावलेलं नाही तिथे काय होतं, हे एडमंड हिलरी यांना विचारावं. एव्हरेस्ट चढलेला हा माणूस १९७७ मध्ये तीन जेट बोटी घेऊन गंगासागरपासून गंगा उलटी चढत निघाला, आणि नंदप्रयागजवळच्या एका धबधब्यापाशी थांबला. जगातल्या सर्वांत उंच शिखराने ज्याला अडवलं नाही, त्याला एका धबधब्याने अडवलं. म्हणजे उभ्या प्रवासाचं यश बरंचसं नदीच्या मर्जीवर असतं. वल्हं मारणाऱ्याचा वाटा फोटोत दिसतो तेवढा मोठा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्व बंगालात शतकानुशतकं माणसं नदीतूनच लांबचा प्रवास करत आली. तिथे नदी हाच रस्ता. मग आडवेपणाची ही थोरवी म्हणजे विदर्भाचा आळस झाकण्याचा डाव तर नव्हे? योगायोग असा, की या आक्षेपाची परीक्षा मुलचेऱ्यातच झालेली आहे. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने याच भागात वसवलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं उभी राहिली, आणि आजही मुलचेऱ्याच्या बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू यांच्या जोडीला बंगाली ऐकू येते. ज्यांच्या मुलखात होडी ही पायताणाइतकी रोजची, त्या माणसांना सागवानाच्या रानात जमिनी मिळाल्या. दूरदृष्टीला आणखी काय म्हणतात? या लोकांनी काय केलं? भातशेती केली, तळ्यात मासे वाढवले, दुकानं थाटली, आणि लांबच्या गावाला जायचं झालं की एस. टी. ची वाट पाहिली. प्राणहितेवर प्रवासी होड्यांची रांग काही लागली नाही. माणसं तीच, हातातली कला तीच; बदलली ती नदी. बंगालची नदी सपाट आणि भरलेली, वर्षभर होडी पेलणारी. इथली नदी चार महिने अंगावर येणारी आणि चार महिने खडक दाखवणारी. होडी उभी चालवायची की आडवी, हा निर्णय माणसाच्या स्वभावाने होत नाही; नदीचं पाणी करतं. विदर्भाच्या आळसाला इतर बाबतींत पुरावे हवे तेवढे मिळतील, पण या खटल्यातून त्याला निर्दोष सोडावं लागतं.

आपल्या परंपरेनेही हे केव्हाच ओळखलेलं दिसतं. नदीच्या लांबीचा खरा प्रवास आपल्याकडे एकच मान्यता पावलेला, तो म्हणजे नर्मदा परिक्रमा. तिच्यावरच्या मराठी पुस्तकांनी एखादं कपाट सहज भरेल. पण ती परिक्रमा काठाने होते, पायी होते, आणि वाटेत नदी ओलांडायची नाही असा दंडक आहे. होडीत बसायचं ते फक्त मुखाशी, समुद्रातून पलीकडच्या तीरावर जायला. तेराशे किलोमीटरची नदी उभी केली, ती चपला झिजवून. प्राणहितेचं म्हणाल, तर गुरू मीन राशीत आला की तिचा पुष्कर, म्हणजे स्नानाचा मेळा, भरतो. मागचा २०२२ च्या एप्रिलमध्ये, बारा दिवसांचा. सिरोंच्याला महाराष्ट्रातून आणि पलीकडच्या तेलंगणातून गर्दी लोटली. लोकांनी नदीत पाय ठेवला, बुडी मारली आणि जिथून शिरले तिथूनच बाहेर आले. एप्रिलचं पाणी बुडीपुरतं असलं तरी पुण्य पुरतं. ओलांडणं, बुडी मारणं, प्रदक्षिणा घालणं, हे नदीशी वागण्याचे आपले तीन रिवाज. तिच्या पाठीवर बसून समुद्रापर्यंत जाणं त्यात नाही. याला भीती म्हणा, आळस म्हणा, पण ज्या नद्या वर्षातला मोठा काळ नीट वाहतच नाहीत, त्यांच्या काठी याहून शहाणा रिवाज कोणता पडला असता?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उभा प्रवासी नदीतली प्रत्येक जागा एकदाच पाहतो. देवलमरीचा खडक त्याला दिसतो तो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट पाण्यात, आणि तोही मान मागे वळवून. त्याच्या वहीत त्या खडकाची एक ओळ होते आणि तो पुढे जातो. घाटावर डोंगा चालवणारा ढिवर त्याच खडकाला जुलैत पाहत नाही, कारण तो पाण्याखाली असतो. पण पाण्यावर कुठे भोवरा फिरतो त्यावरून तो कुठे आहे हे त्याला कळतं. ऑक्टोबरात खडकाचं डोकं वर येतं आणि डोंग्याची वाट दोन हात वरच्या अंगाने वळते. जानेवारीत वल्हं बाजूला पडून बांबू हातात येतो. मार्च-एप्रिलमध्ये काही ठिकाणी माणसं गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जातात, रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लागतात, आणि ज्या जागेवरून चार महिन्यांपूर्वी डोंगा जात होता तिथून रेतीचे ट्रॅक्टर धावतात. ही एकाच जागेची बारा रूपं आहेत. आपल्या नद्या किलोमीटरपेक्षा महिन्यांत जास्त लांब आहेत, आणि ती लांबी मोजायची तर एका जागी टिकून राहावं लागतं. उभा प्रवासी हिवाळ्यातली प्राणहिता पाहून गेला तर त्याने फार तर बारावा हिस्सा पाहिला. डोंगेवाल्याने अर्धा किलोमीटरच पाहिला, पण तो अख्खा पाहिला. ज्ञानाचा हिशोब अंतरावर करायचा तर सर्वांत मोठा विद्वान एस. टी. चा ड्रायव्हर ठरेल. आणि काही बाबतींत तो आहेही, पण तोही रोज त्याच रस्त्याने जातो म्हणून.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो निम्मा मान्यच केला पाहिजे. माणसं नद्या उभ्या गेलीच नसती तर नकाशे कसे झाले असते? १८६९ मध्ये एका हाताचा जॉन वेस्ली पॉवेल स्वतः धरून दहा माणसं आणि चार होड्या घेऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या घळीत शिरला आणि सहा माणसं व दोन होड्या घेऊन बाहेर पडला. पण नकाशावरची कोरी जागा भरली. हे खरं. आणखीही एक खरं आहे: काही गोष्टी आडव्या प्रवासाने कळतच नाहीत. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की दूर खाली गडचिरोली जिल्ह्यात पाणी चढतं. मेडिगड्डा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झालं, सिरोंचा तालुक्यातल्या शेतात पाणी साचल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले. एका घाटावर बसलेल्याला पाणी चढलं एवढं कळतं. ते कुणी चढवलं हे कळायला वर-खाली पाहावं लागतं. पण हे वर-खाली पाहणं होडीत बसून होत नाही. ते धरणाच्या नोंदी, पाटबंधारे खात्याचे कागद आणि दोन राज्यांच्या बैठका यांतून होतं, आणि या प्रवासातले भोवरे कुठल्याही कयाकने पार होणारे नाहीत. शिवाय पॉवेलची कोरी जागा प्राणहितेवर कधीच नव्हती. हेग आला तेव्हाही दोन्ही काठांवर गावं होती, घाट होते, डोंगे होते. जिथे रोज माणसं ओलांडतात त्या नदीचा शोध लागणं, याला शोध म्हणण्यापेक्षा उशिरा पोचणं म्हणावं.

चौथा आक्षेप सर्वांत टोकदार. डोंग्याचं असं कौतुक करणं म्हणजे दुसऱ्याच्या गैरसोयीचं काव्य करणं नव्हे का? डोंगे उलटतात, माणसं बुडतात, बाळंतपणाला निघालेली बाई पुरात काठावर अडकते. जवळपास दर पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते, आणि तिच्यात मजा काहीही नाही. आक्षेप शंभर टक्के बरोबर. डोंगेवाल्याचं ज्ञान थोर आहे म्हणून त्याला तिथेच ठेवावं, असं म्हणणारा माणूस सहसा पूल असलेल्या गावात राहतो. पूल व्हायलाच हवेत. पण हेही ध्यानात घ्यावं, की पूल म्हणजे आडव्या प्रवासाचाच सिमेंटमधला विजय आहे. अहेरीजवळ प्राणहितेवर पूल झाला तो पलीकडे तेलंगणात जाण्यासाठी. नदी उभी करण्याची योजना १८७१ मध्ये बुडाली. नदी आडवी करण्याची योजना डोंग्यातून पुलावर आली आणि अजून चालू आहे. पूल झाला की त्यावरून पहिल्या दिवशी जाणाऱ्यांत डोंगेवालाही असतो, आणि त्याचं त्याला काहीएक दुःख नसतं. दुःख लेख लिहिणाऱ्यांना होतं.

राहता राहिला पर्यटनाचा प्रश्न. कयाक आले तर रोजगार येईल, असं म्हणतात, आणि चपराळ्याचा संगम पाहायला माणसं आली तर वाईट काहीच नाही. फक्त कामाची वाटणी नेहमीची नसावी. नेहमीची वाटणी अशी, की ज्याला नदी माहीत आहे तो सामान उचलतो, आणि ज्याला माहीत नाही तो मार्गदर्शक म्हणून पुढे बसतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र असतं. त्यावर एक साधा नियम सुचवावासा वाटतो. ज्याला प्राणहिता उभी करायची असेल, त्याने आधी एक वर्षभर तिच्या एखाद्या घाटावर डोंगा आडवा चालवावा. पुरात उतारू नेण्याचं नाकारायला शिकावं, उन्हाळ्यात बांबूने तळ चाचपावा, उधारीवर गेलेल्यांची नावं लक्षात ठेवावीत, आणि दुचाकीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालावी. वर्षानंतर तो मोहिमेवर निघाला, तर ती मोहीम नक्की बरी होईल, कारण प्रत्येक घाटाला थांबून पुढच्या पाण्याची चौकशी करण्याची अक्कल त्याला आलेली असेल. आणि नाही निघाला, तर एक डोंगेवाला वाढेल. मंजूर झालेले पूल पुरे व्हायला लागणारा वेळ पाहता, त्याला कामाची कमतरता पडणार नाही.